एका ठरावाची तेरा वर्षे: महाड नगरपालिका आणि चवदार तळे

१/
१९ मार्च १९२७. सावित्री नदीकाठचे महाड. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी कोकणातल्या गावागावांतून माणसे जमली होती. कोणी बंदरावरून आले, कोणी घाट उतरून, बहुतेक पायी. मार्चचे ऊन चढू लागले होते आणि आयोजकांपुढे पहिला प्रश्न होता पिण्याच्या पाण्याचा. प्रतिनिधींसाठी त्यांना ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्याच गावात चार-पाच एकरांचे एक तळे होते. त्याचे नावच ‘चवदार’ होते.

२/
या प्रसंगात एक विलक्षण विसंगती दडली आहे. ज्या पाण्याला परिषदेचे लोक स्पर्शही करू शकत नव्हते, ते पाणी महाड नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी, ५ जानेवारी १९२४ रोजी, ठराव करून त्यांना खुले केले होते. ठराव कागदावर होता, तळे जागेवर होते, माणसे तहानलेली होती. या तिघांची गाठ मात्र पडली नव्हती.

चवदार तळ्याचा सत्याग्रह बहुतेकांना ठाऊक असतो. या सत्याग्रहाच्या पोटात एका छोट्या नगरपालिकेचीही कथा आहे. विषमता दूर करण्याच्या कामी स्थानिक संस्था काय करू शकते, कुठे अडते आणि कुठे माघार घेते, हे त्या कथेतून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. (थ्रेड)

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. महाड हे जुने व्यापारी गाव. रायगडाच्या पायथ्याचा मुलूख, खाडीतून चालणारी गलबते, दासगावचे बंदर, घाटावर जाणारा रस्ता. अशा पेठेत आसपासच्या खेड्यांतून रोज माणसे यायची: बाजाराला, कचेरीला, कोर्टाला. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची माणसेही असत. दिवसभराच्या कामात त्यांना पेठेतल्या पाणवठ्यावर ओंजळभर पाणी घेता येत नसे. बाजार सर्वांचा होता, पाणी मात्र नव्हते.

४/
चवदार तळे नेमके कधीचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ते किमान अडीचशे वर्षांचे असावे, एवढे पुढे न्यायालयात सर्वांनी मान्य केले. ते मुळात जमिनीतली नैसर्गिक खोलगट जागा होती, पावसाच्या पाण्यावर आणि काही झऱ्यांवर भरणारी. भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतांश सवर्ण हिंदूंची आणि थोडी मुसलमानांची घरे. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, पायऱ्या आणि बांध यांपैकी अनेक या घरमालकांच्या मालकीचे होते. अस्पृश्यांची वस्ती तळ्याच्या आसपास कुठेच नव्हती. हा भूगोल लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा वाद त्यावरच उभा राहणार होता.

५/
महाडला नगरपालिका १८६० च्या दशकातच आली. नगरपालिका येणे म्हणजे काय? गावातल्या काही गोष्टींचे स्वरूपच बदलणे. रस्ता, दिवा, गटार, पाणवठा यांचा खर्च करातून होऊ लागतो. ज्याचा खर्च सर्वांच्या पैशातून होतो, ते कोणा एकाचे राहत नाही. ही कल्पना आज साधी वाटते. जातीच्या वाटण्यांनी आखलेल्या गावात मात्र ती स्फोटक होती, जरी त्या काळी तसे कोणाच्या ध्यानी आले नसले तरी.

६/
महाड परिसराला या प्रश्नाची ओळख १९२७ च्या कितीतरी आधीची. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू-बोलू लागले. जोतीराव फुले यांच्या विचारांचे ते पाईक. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली.

१८९५ मध्ये सरकारने त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. एक महार सदस्य बोर्डाच्या बैठकीत बरोबरीने बसणार, हे सवर्ण सभासदांना रुचले नाही. बैठकींवर बहिष्कार घालण्यापर्यंत गोष्ट गेली.

७/
वलंगकरांच्या त्या नेमणुकीतच स्थानिक स्वराज्याचा पेच स्पष्ट झाला होता. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या धोरणाने स्थानिक संस्थांना बळ मिळाले. गावचा कारभार गावाने पाहावा, ही कल्पना सुंदर होती. पण ‘गाव’ म्हणजे कोण? मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर बेतलेला होता. ज्यांच्याकडे जमीन, घर, दुकान, त्यांच्याकडेच मत. आणि ज्यांच्याकडे मत, त्यांच्याकडेच बोर्ड. पाणवठ्यावरून दूर ठेवलेली माणसे मतपेटीपासूनही दूरच होती.

८/
पुण्यात जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरातला हौद अस्पृश्यांना खुला केला होता. ते धाडस मोठेच. पण हौद त्यांचा स्वतःचा होता. आपल्या मालकीची वस्तू खुली करणे हा औदार्याचा भाग होता. फुले पुढे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते.

नगरपालिकेच्या तळ्याचा प्रश्न वेगळा होता. तिथे कोणाच्या औदार्याची गरजच नव्हती. जे सार्वजनिक आहे ते सर्वांचे आहे, एवढेच मान्य व्हायचे होते. खासगी हौदापासून सार्वजनिक तळ्यापर्यंतचा हा प्रवास दयेपासून हक्कापर्यंतचा होता, आणि त्याला साठ वर्षे लागली.

९/
या प्रवासातला निर्णायक टप्पा मुंबई विधिमंडळात आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. त्याचा आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरता यावेत.

१०/
बोले यांच्या ठरावाची भाषा नीट पाहावी. त्यात धर्म, शास्त्र, पाप-पुण्य यांचा उल्लेख नाही. विटाळ खरा की खोटा, या वादात तो पडतच नाही. त्याची कसोटी एकच: पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा? पैसा सार्वजनिक असेल किंवा ताबा सार्वजनिक संस्थेकडे असेल, तर दार सर्वांना उघडे. शतकानुशतकांच्या रूढीला हिशेबाच्या वहीतून दिलेले हे उत्तर होते.

११/
ठराव झाला. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने त्याच्या अंमलबजावणीचा आदेशही काढला. पण त्यात एक मेख होती. सरकारच्या स्वतःच्या खात्यांना अंमल करण्यास सांगितले गेले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का याचा विचार करण्याचा ‘सल्ला’ द्यावा, एवढेच ठरले.

हुकूम आणि सल्ला यांतले हे अंतर म्हणजेच पुढचा सारा इतिहास. नगरपालिका आणि लोकल बोर्डे स्वायत्त. त्यांच्या अधिकारात सरकार ढवळाढवळ करणार नाही. कागदावर हे तत्त्व उदात्त होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा झाला की ज्यांनी पाणी अडवले होते, त्यांनाच ते सोडायचे की नाही हे विचारले गेले.

१२/
बहुतेक स्थानिक संस्थांनी हा सल्ला दप्तरात बांधून ठेवला. महाड नगरपालिकेने मात्र ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला की अस्पृश्यांनी तळे वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही. या घटनेचे मोल कमी लेखू नये. एका छोट्या गावच्या सभासदांनी, आपल्याच शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेण्याची शक्यता दिसत असताना, हे लिहून ठेवले.

त्यामागे महाडमधल्या सुधारकांचे बळ होते. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यांतले ठळक नाव. ते कायस्थ प्रभू कुटुंबातले. पुढे ‘दलितमित्र’ म्हणून ओळखले गेले.

१३/
पण ‘हरकत नाही’ या शब्दांपाशीच ठराव थांबला. तळ्यावर फलक लागला नाही, शिपाई उभा राहिला नाही, विरोध करणाऱ्याला समज दिली गेली नाही. पहिली घागर भरायला जाणाऱ्याच्या पाठीशी नगरपालिका उभी राहील, अशी हमी कुठेच नव्हती. परिणाम उघड होता. ज्याला गावातच कामधंदा करायचा, सावकाराकडून उसने घ्यायचे, बाजारात माल विकायचा, तो एकटा जाऊन ठरावाची परीक्षा कशी घेणार? ठराव तीन वर्षे कागदावरच राहिला.

१४/
अशा निष्क्रियतेवर उपाय म्हणून बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी कौन्सिलपुढे दुसरा ठराव मांडला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारतात, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. सल्ल्याने जे होत नाही ते तिजोरीच्या किल्लीने होईल, हा त्यामागचा विचार. स्थानिक संस्थांना समतेच्या वाटेवर आणण्यासाठी अनुदानाचा लगाम वापरण्याची कल्पना आज जगभर रूढ आहे. ती शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कौन्सिलमध्ये बोलली गेली होती.

१५/
आता पुन्हा मार्च १९२७. परिषदेच्या उभारणीत दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे, अनंत विनायक चित्रे, सोशल सर्व्हिस लीगचे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे आणि टिपणीस ही मंडळी होती. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर, वय ३५, नुकतेच मुंबई कौन्सिलचे नियुक्त सदस्य झालेले.

२० मार्चला परिषदेचे कामकाज संपत आले असताना चित्रे उठले आणि त्यांनी सुचवले की नगरपालिकेने केलेला ठराव इथे जमलेल्यांनीच आता अमलात आणावा. मागणी नवी नव्हती. जे मंजूर होऊन तीन वर्षे झाली होती, ते फक्त करून दाखवायचे होते.

१६/
मग ती मिरवणूक निघाली. चार-चारांच्या रांगा, शिस्तीने, बाजारपेठेतून तळ्याकडे. आंबेडकर पुढे झाले, त्यांनी तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले आणि प्याले. त्यांच्यामागून इतरांनी. नगरपालिकेच्या ठरावाचा तो पहिला खरा अंमल, आणि तो नगरपालिकेने नव्हे तर नागरिकांनी केला होता.

१७/
प्रतिक्रिया काही तासांत उमटली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी अफवा गावात पसरवली गेली. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत बसलेल्या, रस्त्याने एकट्यादुकट्याने चाललेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. आंबेडकरांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. त्यांत लष्करातून परतलेले कितीतरी जण होते. हात उगारणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तो उगारला नाही.

१८/
त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्रोच्चारात त्या पुन्हा तळ्यात बुडवण्यात आल्या. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पीत आणि ज्याचे पाणी मुसलमान शेजाऱ्यांनाही चाले, ते माणसांच्या ओंजळीने बाटले होते, असा त्याचा अर्थ. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले आणि महाडच्या घटनेचा जाहीर पंचनामा केला.

१९/
आणि नगरपालिका? आता तिची खरी परीक्षा होती. १९२४ मध्ये ठराव करणे तुलनेने सोपे होते, कारण तो कोणी वापरला नव्हता. आता तो वापरला गेला होता आणि गाव पेटले होते.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले यांचा मूळ ठराव कौन्सिलने मंजूर केला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती. समतेचा ठराव जोवर निरुपद्रवी होता तोवर तो टिकला; तो खरा झाला त्याच वर्षी रद्द झाला.

२०/
आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला जाऊन सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. या वेळी विरोधकांनी लाठीऐवजी कोर्टाचा मार्ग घेतला. १२ डिसेंबर १९२७ रोजी त्यांनी दावा दाखल केला: तळे खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची रूढी अनादी आहे. दोनच दिवसांत आंबेडकर आणि इतरांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम निघाला. दाव्याचा पहिला मुद्दा सरळ नगरपालिकेच्या अस्तित्वावरच बोट ठेवत होता. तळे सार्वजनिक नाहीच, तर पालिकेच्या ठरावाला अर्थ काय?

२१/
२५ डिसेंबरला परिषद भरली. मुंबईहून मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगावपर्यंत आली आणि तिथून चालत महाडला. मंडपासाठी कोणी सवर्ण जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले.

आंबेडकरांनी भाषणात १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेची आठवण काढली. या तळ्याचे पाणी न पिता आजवर आपण मेलो नाही. तिथे जायचे ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

२२/
हजारो माणसे तयार होती, सत्याग्रहींनी नावे नोंदवली होती, पण समोर न्यायालयाचा मनाईहुकूम होता. आंबेडकरांपुढचा पेच कठीण होता. हुकूम मोडला तर लढा सरकारविरुद्ध वळतो. पाळला तर जमलेली माणसे हिरमुसतात. अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरले. तळ्याच्या कडेने, गावातून मिरवणूक काढून लोक परतले. एका ओंजळीसाठी आलेली ती माणसे यापुढे जवळजवळ दहा वर्षे न्यायालयाच्या तारखांची वाट पाहणार होती.

२३/
दाव्याचा प्रवास असा: महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये वादींच्या विरुद्ध निकाल दिला. ठाण्याच्या न्यायालयातले अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी तिथेही आंबेडकरांचा विजय झाला. खंडपीठावर न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया होते. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादचे सत्र न्यायाधीश असताना गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे.

२४/
निकालाचे तर्कशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. मालकीचा दावा टिकला नाही. भोवतालच्या पायऱ्या कोणाच्याही असोत, तळे त्यांचे ठरत नव्हते. उरला रूढीचा मुद्दा. कायद्याच्या दृष्टीने रूढी मान्य होण्यासाठी ती अनादी काळापासून अखंड चालत आल्याचे सिद्ध व्हावे लागते. इथे तर तळ्याचा उगमच कोणाला ठाऊक नव्हता. तळे नैसर्गिक. त्याच्या भोवती सवर्णांची घरे उभी राहण्याच्या आधी कोणी कोणाला तिथून हाकलले असेल, याला आधार काय? नगरपालिका आल्यानंतरच्या काही दशकांत अस्पृश्य तिथे गेले नाहीत, एवढ्यावरून अनादी रूढी सिद्ध होत नाही.

म्हणजे ज्याला ‘पूर्वापार’ म्हटले जात होते, त्याचा पुरावा मागितल्यावर तो अलीकडचाच निघाला.

२५/
नगरपालिकेच्या दृष्टीने या निकालात मोठा उपरोध आहे. १९२४ चा ठराव तिने केला, १९२७ मध्ये मागे घेतला. पण अखेर ना त्या ठरावाने तळे खुले केले, ना तो रद्द केल्याने ते बंद राहू शकले. निर्णायक ठरली ती साधी, रोजच्या कारभारातली गोष्ट: तळे सार्वजनिक आहे. सभासद डगमगले, पण ज्या संस्थेचे ते सभासद होते तिच्या पायाभूत कल्पनेने दगा दिला नाही.

२६/
मात्र विजय नेमका किती मोठा, हेही तोलून पाहिले पाहिजे. न्यायालयाने अस्पृश्यता अन्याय्य आहे असे म्हटले नव्हते. महाडच्या या तळ्यापुरती अनादी रूढी सिद्ध झाली नाही, एवढेच म्हटले होते. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या विहिरीवर कोणी रूढीचा पुरावा आणला, तर? प्रत्येक पाणवठ्यासाठी नवा दावा आणि पुन्हा दहा वर्षे? एका नगरपालिकेच्या सदिच्छेवर किंवा एका न्यायाधीशाच्या तर्कावर हा प्रश्न सोडता येणार नाही, हा महाडचा खरा धडा होता.

२७/
आंबेडकरांना तो धडा पुरता उमगला होता. १९३२ मध्ये मुंबई कौन्सिलमध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी पंचायतींत अस्पृश्यांसाठी राखीव जागांचा आग्रह धरला. गावाच्या हाती अधिकार द्यायचा तर गावातल्या दुबळ्याच्या हातीही काही द्यावे लागेल, ही त्यामागची दृष्टी. स्थानिक स्वराज्य आपोआप न्याय्य नसते. वलंगकरांबरोबर बैठकीला बसायला तयार नसलेले बोर्डही स्थानिकच होते, आणि ठराव मागे घेणारी नगरपालिकाही.

२८/
राज्यघटनेत या सगळ्याचे सार उतरले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने सांगितले की पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा सर्वसामान्य जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणावरही निर्बंध असणार नाही.

बोले यांच्या १९२३ च्या ठरावाशेजारी हे कलम ठेवून वाचावे. ‘विहिरी’, ‘तलाव’, ‘सार्वजनिक पैसा’: शब्द ओळखीचे वाटतात. फरक एकच. तिथे शिफारस होती, इथे मूलभूत हक्क आहे.

२९/
दुसरे टोक पूर्ण व्हायला आणखी चार दशके लागली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, तर स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले. ज्यांच्या पाण्याचा निर्णय इतरांनी घ्यायचा, ती माणसे आता निर्णयाच्या टेबलाशी हक्काने बसू लागली.

३०/
महाडची कथा एका वाक्यात सांगायची तर ती अशी: ठराव नगरपालिकेने केला, अंमल लोकांनी केला, माघार नगरपालिकेने घेतली, कायम न्यायालयाने केले आणि सर्वांसाठी लागू राज्यघटनेने केले. यांतला कोणताही एक दुवा काढला तर साखळी तुटते. १९२४ चा तो कागद नसता तर २० मार्चला तळ्याकडे जाताना ‘आम्ही मंजूर झालेली गोष्टच करत आहोत’ असे म्हणता आले नसते. आणि ती मिरवणूक निघाली नसती तर तो कागद दप्तरात पिवळा पडला असता.

३१/
आज २० मार्च हा दिवस सामाजिक सबलीकरण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी दूरदूरहून माणसे महाडला येतात, तळ्याच्या पायऱ्या उतरतात, पाण्याला हात लावतात.

१८९५ मध्ये याच तालुक्याच्या बोर्डात गोपाळबाबा वलंगकरांची खुर्ची सरकारच्या मर्जीने आली होती आणि शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आज तशी खुर्ची मर्जीने मिळत नाही. ती राज्यघटनेने राखून ठेवलेली असते. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मनापासून तिथे बसतो का, हे मात्र कोणत्याही ठरावात लिहिता येत नाही. ते ज्या त्या गावाला, ज्या त्या सभागृहात, दर बैठकीला ठरवावे लागते.

(समाप्त)